चार पावले दक्षिणेला, दोन पावले उत्तरेला

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की भूगोलाच्या तासाला एक वाक्य हमखास सांगितले जाते : २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. मुले ते वहीत उतरवून घेतात. सकाळी शाळेत येताना अंगात स्वेटर असतो, संध्याकाळी अंधारामुळे खेळ लवकर आटोपावा लागतो, त्यामुळे वाक्य पटतेही. पण लहान दिवस, लांब रात्र आणि थंडी या तीन गोष्टी एकदा मनात चिकटून बसल्या की पुन्हा सुट्या होत नाहीत. अयनदिन म्हणजे थंडीच्या ऋतूतला एक दिवस, अशी समजूत होऊन बसते. आमचीही बरीच वर्षे तशीच होती.

ही समजूत सोडवायची असेल तर जिथे हिवाळा नाही आणि दिवसही फारसा लहानमोठा होत नाही अशा ठिकाणी जाऊन पाहायला हवे. तिथल्या माणसाला अयनदिन कळणार कसा? आणि कळला तरी त्याला त्याचे काय? जावा बेटावरच्या शेतकऱ्यांपुढे हे दोन्ही प्रश्न होते. त्यांनी त्यांचे जे उत्तर शोधले ते आपल्याकडच्या कोणत्याही पंचांगाहून वेगळे आहे, म्हणून आज त्याची हकीकत सांगायची आहे.

इंडोनेशियातले जावा बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ६ ते ९ अंशांच्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम पसरले आहे. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे तिथला ‘हिवाळी’ अयनदिन येतो २१-२२ जूनला. आपल्याकडे तेव्हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. जावात त्या दिवशी सूर्य सुमारे ११ तास ४० मिनिटे आकाशात असतो, आणि डिसेंबरातल्या मोठ्या दिवशी सुमारे १२ तास ३० मिनिटे. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत फरक अवघा ५० मिनिटांचा. पुण्यात हाच फरक सव्वादोन तासांचा आहे आणि लंडनला जवळजवळ पावणेनऊ तासांचा. घड्याळ नसलेल्या माणसाला सहा महिन्यांत पसरलेली ५० मिनिटे जाणवणे कठीण. तपमानाचीही तीच गत. जकार्ताचे महिन्याचे सरासरी तपमान वर्षभरात एक-दोन अंशांच्या आतच हलते. पाने गळतात, पण ती थंडीने नव्हे, पाऊस नसल्याने.

मग उरते काय? उरते सावली.

भर मध्यान्ही उघड्या जागी उभे राहायचे आणि आपली सावली आपल्याच पावलांनी मोजायची, ही जावातल्या शेतकऱ्यांची रीत होती. पाऊल म्हणजे इथे चालतानाचे अंतर नव्हे. टाचेपासून अंगठ्यापर्यंतची पावलाची लांबी. जावाच्या भाषेत या मापाला ‘पेचाक’ म्हणतात. या मापाची गंमत अशी की ते प्रत्येकाचे वेगळे असूनही सर्वांचे उत्तर एकच येते. उंच माणसाचे पाऊल मोठे, बुटक्याचे लहान. पण बहुतेकांची उंची स्वतःच्या पावलाच्या साडेसहा ते सात पट भरते. म्हणजे माणूस हाच शंकू आणि त्याचे पाऊल हीच मोजपट्टी. दोन्ही हरवण्याची भीती नाही.

मध्य जावात जूनच्या अयनदिनी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. ती भरते चार पावले. डिसेंबरच्या अयनदिनी सूर्य डोक्याच्या दक्षिणेला असतो, सावली उत्तरेला पडते आणि ती भरते दोन पावले. इकडे चार, तिकडे दोन, मध्ये शून्य. सावलीचा एकूण प्रवास सहा पावलांचा. जाताना सहा आणि येताना सहा मिळून बारा. आणि वर्षाचे महिनेही बारा!

आकडे इतके गोंडस जुळले की आम्हाला नेहमी थोडा संशय येतो, म्हणून हिशेब करून पाहिला. ७ अंश दक्षिण अक्षांश धरला तर जूनच्या अयनदिनी माध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून सुमारे साडेतीस अंश ढळलेला असतो आणि डिसेंबरात साडेसोळा अंश. या कोनांचे स्पर्शक अनुक्रमे ०·५९ आणि ०·३० येतात. म्हणजे पहिली सावली दुसरीच्या बरोबर दुप्पट. उंची पावलाच्या पावणेसात पट धरली तर सावल्या चार आणि दोन पावलांच्या येतात. हे दोनास एक गुणोत्तर मात्र सुमारे ७ अंशांवरच मिळते. विषुववृत्तावर दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या. शेजारच्या बाली बेटावर, साडेआठ अंशांवर, हेच गुणोत्तर सव्वादोनच्या पुढे जाते. जावाच्या या वर्षात असे त्याच्या जन्मगावाचे अक्षांश गुंफलेले आहेत. चार आणि दोन एवढेच आकडे कोणी दिले तरी ते वर्ष कुठल्या पट्ट्यातले हे नकाशावर दाखवता येईल.

या वर्षगणनेचे नाव ‘प्रानाता मांग्सा’. मांग्सा म्हणजे हंगाम, काळ. हा शब्द संस्कृत ‘मास’वरून आला असे मानतात. वर्ष सुरू होते २२ जूनला, म्हणजे हिवाळी अयनदिनाला. सावली एका पावलाने हलली की एक मांग्सा संपला. आता इथे खरी मौज आहे. सावली रोज सारखी हलत नाही. झोपाळा जसा दोन्ही टोकांना रेंगाळतो आणि मध्ये भरकन जातो, तसाच सूर्य अयनदिनांच्या आसपास रेंगाळतो आणि संपातांच्या आसपास भराभर सरकतो. त्यामुळे एका पावलाला कधी सव्वा महिन्याहून जास्त लागतो, तर कधी तीन आठवडेच. म्हणून जावाच्या वर्षातले महिने सारखे नाहीत. २२ जूनपासून ओळीने त्यांचे दिवस असे आहेत : ४१, २३, २४, २५, २७, ४३, मग डिसेंबरचा अयनदिन, आणि परतीच्या वाटेवर ४३, २६, २५, २४, २३, ४१. बेरीज ३६५. लीप वर्षाचा वाढीव दिवस आठव्या महिन्याला देतात.

नुसता तक्ता पाहिला तर हे आकडे कोणा लहरी राजाने ठरवलेत असे वाटेल. एकेचाळीस दिवसांचा महिना आणि त्याला लागून तेविसाचा! पण सावली डोळ्यांपुढे आणली की ते सरळ वाटू लागतात. ७ अंशांवर एकेका पावलाला खरोखर किती दिवस लागतात तेही आम्ही काढले. पहिल्या सहामाहीसाठी ४५, २३, २१, २२, २४ आणि ४८ असे आकडे आले. जावाच्या आकड्यांची चाल तीच आहे, टोकाला लांब आणि मध्ये आखूड. फक्त टोके थोडी कापून मध्ये भर घातली आहे. तंतोतंत जुळत नाही, आणि ते जुळते असे मुलांना सांगूही नये. मात्र दोन जागी ते थक्क करावे इतके जुळते. चार पावले संपून सावली शून्यावर येते ती चौथ्या महिन्याअखेर, १२ ऑक्टोबरला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे साडेसात अंश दक्षिणेला, म्हणजे मध्य जावाच्या बरोबर माथ्यावर असतो. परतताना आठवा महिना संपतो फेब्रुवारीअखेर, आणि सूर्य पुन्हा माथ्यावर येतो तोही त्याच सुमारास. आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो ते दोन दिवस आणि दोन अयनदिन असे चार खुंट पक्के रोवलेले आहेत. मधली दोरी थोडी सैल सोडली आहे.

महिन्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. पहिल्या दहांना नावेच नाहीत म्हटले तरी चालेल. कासा, कारो, कातिगा, कापात अशी ती ‘पहिला, दुसरा, तिसरा’ या थाटाची आहेत. दहावा कासादासा, त्यातला ‘दासा’ म्हणजे आपला दश. अकराव्याला मात्र म्हणतात देस्ता आणि बाराव्याला सादा. हे आपले ज्येष्ठ आणि आषाढ. दहा महिने मोजायचे, नंतर पीक घरात येऊन शेताचे काम सरले की मोजणे थांबवायचे, अशी मूळ पद्धत असावी आणि रिकाम्या जागी संस्कृत नावे मागाहून बसवली गेली असावीत, हा अभ्यासकांचा तर्क आम्हाला पटतो. जिथे काम नाही तिथे दिवस मोजायची गरज शेतकऱ्याला नसते.

सावली मोजण्याची विद्या आपल्याकडेही जुनीच आहे. बारा अंगुळांचा शंकू आपल्या सिद्धांतग्रंथांतून सर्वत्र भेटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही मध्यान्हीच्या सावलीचा एक नियम आहे : आषाढात सावली नसते, तिथून सहा महिने ती दरमहा दोन अंगुळांनी वाढते आणि माघापासून तशीच दोन-दोन अंगुळांनी घटते. हिशेबाला सोपा नियम, पण त्यात सावली वर्षभर एकाच चालीने चालते असे धरले आहे. प्रत्यक्षात ती तशी चालत नाही. पौषात दोन अंगुळे हलायला तिला जेवढे दिवस लागतात त्याहून फाल्गुनात कितीतरी कमी लागतात. महिने सारखे ठेवायचे की सावलीचे टप्पे सारखे ठेवायचे, यातले एकच काहीतरी साधते. कौटिल्याच्या नियमात महिने सारखे ठेवून सावलीला वाकवले आहे. जावात सावली सारखी ठेवून महिन्यांना वाकवले आहे. वसुलीचा हिशेब ठेवणाऱ्या कारभाऱ्याला पहिले सोयीचे आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दुसरे. आकाशाशी मात्र दुसरेच अधिक प्रामाणिक आहे, हे कबूल करावे लागेल.

पण सावलीच्या या वर्षाची जावातल्या शेतकऱ्याला एवढी गरज का पडली? याचे एक कारण इतिहासात आहे. जावात पूर्वी शक चालत असे. आपलाच शालिवाहन शक, अधिकमासासह. पुढे बेटावर इस्लाम पसरला. १६३३ साली माताराम राज्याचा सुलतान आगुंग याने एक विलक्षण तडजोड केली. वर्ष हिजरीप्रमाणे शुद्ध चांद्र केले, ३५४-३५५ दिवसांचे. पण वर्षाचा आकडा मात्र शकाचाच पुढे चालू ठेवला, १५५५. (आपल्याकडेही तेव्हा शके १५५५ च होते, शिवाजी महाराज तीन वर्षांचे होते.) दरबाराला आणि धर्मकार्याला हे वर्ष सोयीचे होते. शेताला नव्हते. चांद्र वर्ष दरसाल ११ दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांत पेरणीचा महिना कापणीच्या जागी जाऊन बसतो. आपल्याकडे अधिकमास ही ओढाताण सांभाळून घेतो. जावात तो गेला. शेतकऱ्याच्या हाती हंगाम सांगणारे दरबारी पंचांग राहिले नाही. राहिली ती सावली आणि आकाशातला नांगर.

नांगर म्हणजे आपले मृग नक्षत्र. जावात त्या ताऱ्यांना ‘वालुकु’, म्हणजे नांगर, म्हणतात. जुलैत पहाटे पूर्वेला नांगर दिसू लागला की नवे वर्ष लागले असे समजायचे. आपण ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते तारे दिसत नाहीत. त्याच ताऱ्यांना एका देशाने लपल्यावर मानले आणि दुसऱ्याने उगवल्यावर.

शेतकऱ्यांच्या या वर्षाचे वर्णन जॉन क्रॉफर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२० च्या ग्रंथात सापडते. म्हणजे ते त्याआधीपासून रूढ होते. पण त्याला आजची नेमकी तारीखवार घडण मिळाली ती १८५५च्या सुमारास, सुराकार्ताचा राजा सातवा पाकुबुवाना याच्या दरबारात. आतापर्यंत जे तोंडी होते, गावागणिक थोडे वेगळे होते, ते कागदावर आले आणि इंग्रजी तारखांना बांधले गेले. हे त्याच काळात का झाले असेल, याचा विचार करताना त्या वर्षांकडे पाहावे लागते. १८३० पासून डच सरकारने सक्तीच्या पिकांची पद्धत आणली होती. भाताच्या खाचरातच ऊस आणि नीळ लावायची आणि ते पीक सरकारला द्यायचे. भाताला मिळणारी जमीन, पाणी आणि माणसांचे हात, तिन्ही कमी पडू लागले. १८४९-५० च्या सुमारास सुराकार्ताच्या उत्तरेच्या देमाक आणि ग्रोबोगान या भागांत भीषण दुष्काळ पडून लोक मेले आणि परागंदा झाले. भाताची वेळ चुकणे पूर्वीही वाईटच होते. आता ती चुकली तर दुसरी संधी नव्हती. कोणत्या दिवशी काय करावे याची लेखी आखणी दरबाराला हवीशी वाटली यात आश्चर्य नाही.

या आखणीत प्रत्येक मांग्साला ओळखीच्या खुणा दिलेल्या आहेत. कासात, अयनदिनानंतरच्या एकेचाळीस दिवसांत, पाने गळतात, भाताचे खुंट जाळतात आणि कडधान्ये टोचतात. कारोत जमिनीला भेगा पडतात. कालिमात पहिल्या सरी येतात आणि पंखांची वाळवी बाहेर पडते. कानेममध्ये नांगरट आणि रोपे, कापितुत लावणी आणि नद्यांना पूर. देस्तात कापणी. सादात रात्री गार होतात.

म्हणजे थंडी अगदीच नाही असे नव्हे! जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाकडून कोरडा वारा येतो, ढग नसतात, आणि दिवसाची ऊब रात्री आकाशात निघून जाते. त्या गारठ्याला जावात ‘बेदिदिंग’ म्हणतात. मध्य जावात सुमारे दोन हजार मीटर उंचीवर दिएंगचे पठार आहे. तिथल्या जुन्या देवळांना अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावे आहेत. या देवळांसमोरच्या गवतावर काही पहाटे चक्क पांढरे हिम धरते, तेही विषुववृत्तापासून ७ अंशांवर. शेतकरी त्याला ‘बुन उपास’ म्हणतात. बुन म्हणजे दव आणि उपास म्हणजे विष. बटाट्याची पाने त्याने जळतात, म्हणून ते विषारी दव. पाहुणे छायाचित्रे काढायला येतात आणि बटाटेवाला डोक्याला हात लावतो.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. प्रानाता मांग्सा सूर्याबद्दल जे सांगते ते आजही खरे आहे. १२ ऑक्टोबरला सूर्य आजही माथ्यावर येतो. पण शेतकऱ्याला सूर्य नको होता, पाऊस हवा होता. सूर्य ही पावसाची खूण म्हणून त्याने धरला. बहुतेक वर्षे ती खूण चालली, कारण जावाचा पाऊस वायव्य मोसमी वाऱ्यांबरोबर नोव्हेंबरच्या आसपास येतो आणि ते वारे अखेर सूर्याच्याच मागे जातात. मात्र प्रशांत महासागराचे पाणी तापून ‘एल निनो’ आला की पाऊस काही आठवडे लांबतो, आणि सावलीला त्याचा पत्ताही नसतो. १९९७ साली तसे झाले. लावण्या रखडल्या, आणि आर्थिक संकटाची भर पडून १९९८ मध्ये इंडोनेशियाला लाखो टन तांदूळ बाहेरून आणावा लागला. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, कमी दिवसांची वाणे आणि कालव्यांचे पाणी आल्यामुळे वर्षाला दोन-तीन पिके निघू लागली होती. एका पिकासाठी बेतलेल्या वर्षाशी त्यांचा मेळ बसत नव्हता. आता पावसाचा आरंभ अधिकच बेभरवशाचा झाला आहे. जुनी माणसे मांग्सा सांगतात. तरुण ऐकून घेतात आणि दूरध्वनीवर अंदाज पाहतात.

पश्चिम जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इंद्रमायू भागात मात्र एक वेगळी गोष्ट घडली आहे. मानववंशशास्त्रज्ञ युनिता विनार्तो आणि कृषिहवामानतज्ज्ञ केस स्टिग्टर यांच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात पर्जन्यमापक बसवले. रोज सकाळी पाऊस मोजायचा, पिकाची अवस्था लिहायची आणि महिन्यातून एकदा बसून चर्चा करायची. पूर्वी सावली मोजत असत, आता पाऊस मोजतात. आम्हाला तरी यात परंपरा तुटल्यासारखे वाटत नाही.

पावसाचे राहू द्या. सावलीचा भाग आपल्याला शाळेच्या मैदानावर पडताळता येतो. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली सुमारे सहा पावले उत्तरेला भरते, आणि जूनच्या अयनदिनी, ढगांनी परवानगी दिली तर, जेमतेम अर्धे पाऊल दक्षिणेला. मुलाने ताठ उभे राहायचे, मित्राने डोक्याच्या सावलीवर खूण करायची, आणि मुलाने स्वतःच्याच पावलांनी टाचेला अंगठा लावत मोजायचे. फक्त बारा वाजता मोजू नये. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस खरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास होते, नागपूरला १२ वाजून १२ मिनिटांच्या. वेळेबद्दल शंका असेल तर अर्धा तास खुणा करत राहावे आणि सर्वांत आखूड सावली धरावी. सहाचे पाच पावले व्हायला प्रजासत्ताक दिन उलटून एक-दोन दिवस जातात, म्हणजे सुमारे ३८ दिवस. तिनाचे दोन व्हायला मार्चमध्ये १९-२० दिवसच पुरतात. दोन्ही आकडे वर्गाच्या भिंतीवर लावले की कोणीतरी विचारतेच, मग आपले महिने सगळे तिसाचे का?